शेठ दोन मिनिटं बोलतील

फ्लेक्सवरचं नाव कोणी वाचत नाही. लोक फोटो बघतात. ज्याचा फोटो मोठा त्याचा कार्यक्रम, एवढं साधं असतं. वर 'हार्दिक अभिनंदन' असेल तर त्यानं काहीतरी मिळवलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असेल तर तो गेला. बाकी खाली आम्ही डोळे फोडून जी नावं बसवतो ती फक्त ज्यांची असतात तेच वाचतात, आणि एखादं राहिलं तर दुकानात भांडायला येतात. मंचरला चौकाजवळ आमचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. नवरा नवनाथ मशिनवर असतो, डिझाइन मी करते, आणि भांडायला आलेल्यांनाही मीच बघते, कारण कोणी आवाज चढवला की नवनाथ पाणी प्यायला आत जातो.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चौदा एप्रिल, आणि त्याच्या खालोखाल नेमीशेठ. नेमीचंद शेठ, सुमती मोटर्सचे. हायवेला लागून त्यांची शोरूम आहे. पुढं काचेच्या मागं दोन-तीन नव्या गाड्या आणि मागच्या मोकळ्या जागेत ओळीनं जुन्या. आंबेगाव-जुन्नरमध्ये ज्यांच्या दारात पहिली चारचाकी उभी राहिली, त्यांतल्या निम्म्यांनी तरी ती शेठकडून घेतलेली. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथं किराणा विकायला आले, पण आता शेठ बोलायला लागले की त्यांच्यातला मारवाडी हुडकावा लागतो. एके काळी सरपंच होते. मग व्यापारी संघाचे अध्यक्ष झाले, वाचनालयाचे झाले, शाळेच्या कमिटीवर गेले, आणि स्मशानभूमीला शेड झाली तीही त्यांनी कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवून. दोन्ही हात जोडलेला त्यांचा पांढऱ्या शर्टातला फोटो माझ्या कॉम्प्युटरवर इतक्या वेळा उघडलाय की नवनाथच्या तोंडावरचे तीळ मला सांगता येणार नाहीत, पण शेठचे येतील.

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर दशक्रिया होते. महाराजांचं प्रवचन होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, आणि मग गावातले मोठे लोक श्रद्धांजलीचं बोलतात. शेठ जैन. त्यांच्यात दहावं नाही, पिंड नाही, कावळा नाही. पण दुसऱ्यांच्या दहाव्याला शेठ नसले तर घरच्यांना चुटपुट लागून राहते. निवेदक माईकवर म्हणतो, 'शेठ दोन मिनिटं बोलतील,' आणि शेठ अर्धा तास बोलतात. लोक यावरून त्यांची चेष्टा करतात, मीही करते, पण खरं सांगायचं तर बोलतात चांगलं. बाकीचे पुढारी सगळ्या मयतांना एकच भाषण वापरतात. शेठ त्या माणसानं कोणती गाडी घेतली, रंगावरून घरात कसं भांडण झालं, गाडी न्यायला बरोबर कोण आलं होतं, हे सांगतात. घाटावर मग दगडालाही पाझर फुटतो.

दोन वर्षांपूर्वी ते असेच मढ गावात एका दहाव्याला बोलत होते. सुमतीकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. शेठनी माईकसमोरच तो उचलला, 'दोन मिनिटं गं, बोलतोय,' म्हणाले आणि पुढं सुरू झाले. सगळ्या मढनं ते ऐकलं, त्यामुळे ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. शेठ घरी पोचले तेव्हा काकू स्वयंपाकघरात फरशीवर होत्या. हाताशी फोन होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. पण 'सांगता आलं नसतं' याचा अर्थ ज्याला त्याला हवा तसा लागतो. शेठचा मुलगा संयम तेव्हा शोरूम बघायचा. त्यानं बाराव्या-तेराव्या दिवशी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि बापाला म्हणाला, 'पप्पा, सगळ्या गावाचं मयत तुम्हाला सापडतं. घरातलं तेवढं चुकलं.' मग बायकोला, हर्षाला, घेऊन पुण्याला बिबवेवाडीत राहायला गेला. दीड तासाचा रस्ता. त्यानंतर ना तो इकडं आला, ना त्याचा फोन.

काकू असताना त्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. शोरूममधून गाडी निघाली की काकू बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढायच्या, गाडीतल्या बाईची ओटी भरायच्या आणि सगळ्यांना घरी नेऊन खाऊ घालायच्या. त्या गेल्यावर लोकांना कळलं की आपण काकूंकडं जात होतो, शेठकडं नाही. शेठला लग्नाला बोलावणारे, उद्घाटनाला बोलावणारे, खुर्चीवर मधोमध बसवणारे पुष्कळ होते. घरी येऊन बसणारा एकच उरला होता, शिनोलीचे बाजीराव. शेठनी विकलेली पहिली जीप त्यांनी घेतली होती आणि भीमाशंकर रस्त्याला वडाप करून, शिटा भरून, त्यावर संसार उभा केला होता. ते आठवड्यातून दोनदा तरी यायचे. दोघं म्हातारे ओट्यावर बसून हायवेवरच्या गाड्या बघायचे, फारसं बोलायचे नाहीत. मी कधी जाता जाता विचारलं की 'काय चाललंय,' तर बाजीराव म्हणायचे, 'बसलोय.'

गेल्या महिन्यात बाजीराव गेले.

शेठ स्वतः दुकानात आले. एरवी फोनवर सांगतात. म्हणाले, "रत्ना, बाजीरावाचा फोटो मोठा घे. माझा लई बारीक टाक, खाली कोपऱ्यात. दोन कापी कर. एक आपल्या चौकात, एक शिनोलीच्या घाटावर." मी ते सगळं नवनाथला नीट सांगितलं आणि माहेरी साखरपुड्याला गेले. चूक झाली ती अशी, की नवनाथनं शेठची जुनी फाइल उघडली. तिच्यात मधल्या मोठ्या चौकटीत शेठ असतात, कारण वाढदिवस त्यांचा, अभिनंदन त्यांचं. त्यानं वरची अक्षरं बदलली, नाव बदललं, चौकटीला फुलं लावली आणि बाजीरावांचा फोटो खाली कोपऱ्यात 'शोकाकुल' शब्दाशेजारी नेऊन बसवला. हाताची सवय, दुसरं काही नाही. खाली ठसठशीत 'कै. बाजीराव' लिहिलेलं होतं. पण ते वाचतो कोण?

मी रात्री उशिरा घरी परतले, आणि दहाव्याच्या दिवशी सकाळी उजाडायच्या सुमाराला आमच्या माणसांनी दोन्ही फ्लेक्स चढवले. मी तोंड धूत होते तेवढ्यात चाकणहून माझ्या नणंदेचा, रुपालीचा, फोन आला. "वहिनी, नेमीशेठ गेले व्हय गं? कधी? कळवायचं तरी."

तिनं पाठवलेला फोटो मी उघडला. चौकात, कांद्याच्या टेंपोंच्या वर, फुलांच्या चौकटीत शेठ हात जोडून हसत होते. मी नवनाथला हाक मारली. त्यानं फोटो बघितला आणि पाणी प्यायला आत गेला.

मी स्कूटी काढली आणि शेठच्या घरी गेले. शोरूमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. दारात चपलांचा ढीग पडला होता. मार्केटातले हमाल, शाळेतले गुरुजी, भाजीवाल्या, कोणी हार घेऊन आलेले, आणि त्यांच्यामध्ये शेठ हातात ट्रे घेऊन चहा वाटत होते. चहा पातळ होता, साखर तळाशी बसली होती, पण हसत होते. "बसा, बसा. मेलेल्यानं केलेला चहा पुन्हा मिळायचा न्हाई," म्हणत होते. एक म्हातारी त्यांच्या हाताला चिमटे काढून खात्री करून घेत होती. काकू गेल्यापासून त्या ओट्यावर एवढी माणसं मी बघितली नव्हती. रडत आलेल्यांनी चहा घेतला, 'शंभर वर्षं आयुष्य वाढलं' म्हणून सांगितलं आणि आपापल्या कामाला गेले. मला आमच्या चुकीची लाज वाटायच्या जागी भलतंच वाईट वाटायला लागलं.

मी म्हणाले, "शेठ, चुकलं आमचं. नवनाथ चौकातला उतरवतोय. शिनोलीच्या घाटासाठी दुसरा छापायला टाकलाय, मी स्वतः नेऊन लावते."

त्यांनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. सिंकमध्ये कपांची रास होती. नळ सोडून, माझ्याकडं न बघता, त्यांनी विचारलं, "रत्ना, ह्यो फोटो पुण्यापर्यंत गेला असंल का गं?"

"चाकणला गेला म्हणजे पुण्याला गेलाच की."

"मग चौकातला न्हाई उतरवायचा. दुपारपर्यंत राहू दे."

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. म्हणाले, "शेठ, असं कुणी करतं का? पोराच्या जिवाचं काय व्हईल?"

"मी कुठं केलं? तुमी केलं. मी फक्त उतरवत न्हाई." एक कप त्यांनी दोनदा धुतला. "लग्नाला बोलवावं लागतं, वास्तुशांतीला बोलवावं लागतं. मयताला बोलावणं लागत न्हाई. माणूस आपसूक येतो. मी कुठं कुठं तसाच गेलोय. मला वाटलं, त्यालाबी येता येईल. आपण बोलावलं न्हाई, त्यो आपणहून आला न्हाई, असं कायबी न होता."

बोलण्यात पटाईत माणूस, पण हे एवढं बोलताना त्यांची जीभ अडखळत होती. माझा राग गेला. मी नवनाथला फोन करून चौकातला राहू दे म्हणून सांगितलं.

"मग आज घरी थांबा," मी म्हणाले. "त्यो आला तर दाराला कुलूप नको."

"बाजीरावाचं दहावं हाय. मी न्हाई तर कोण बोलणार त्याच्यासाठी?"

"बोलतील कुणीतरी. तुमी तुमच्या पोराची वाट बघा."

"फोन हाय की माझ्या हातात. आधी फोनच करंल. एकदम कोण निघतं?" आणि त्यांनी भिंतीवरची गाडीची चावी काढली. दाराला कुलूप लावताना मी त्यांना पुन्हा म्हणाले, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. मी आणखी भांडायला पाहिजे होतं, पण शिनोलीला मलाही जायचंच होतं, आणि नवा फ्लेक्स तोवर छापून आला होता. गुंडाळी मागच्या सीटवर टाकून मी पुढं बसले.

घोडेगावपर्यंत त्यांचा फोन एकसारखा वाजत होता. रिंगटोनला नवकार मंत्र. एका हातानं स्टिअरिंग धरून शेठ दर वेळी नाव बघायचे आणि मगच उचलायचे. "हां, जिवंत हाय. न्हाई, छपाईची चूक. या एकदा चहाला." फोन ठेवला की लगेच दुसरा. जुन्नरहून, नारायणगावहून, कोणा माजी सभापतीचा, कोणा बँक मॅनेजरचा. ज्या नावासाठी ते बघत होते ते नाव येत नव्हतं. शिनोलीच्या अलीकडच्या वळणावर ते म्हणाले, "त्यानं माझा नंबर काढून टाकला असंल का?" मी म्हणाले, "नंबर पाठ असतो हो घरच्यांचा." त्यावर जरा सैल झाले.

घाटावर गाडीतून शेठ उतरलेले बघून बसलेली माणसं उठून उभी राहिली. वर झाडाला त्यांचाच श्रद्धांजलीचा फ्लेक्स, खाली ते. एकानं तर हात जोडले ते खाली घेईना. मी दोन पोरांना हाताशी धरून तो फ्लेक्स उतरवला आणि बाजीरावांचा चढवला. प्रवचन चालू होतं तरी माणसांचं लक्ष आमच्याकडंच. पण बाजीराव आपल्या चौकटीत आले, मोठे झाले, आणि मग मला त्यांचं ते 'बसलोय' आठवून गलबलून आलं.

बाजीरावांच्या बायकोला, द्रौपदाबाईंना, बायका धरून बसल्या होत्या. शेठ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि दोघांनी नुसत्या माना हलवल्या. प्रवचन झालं. कावळाही लगेच शिवला, बाजीरावांचं काही मागं राहिलं नव्हतं. निवेदन करणारा आदेश नावाचा पुढारी माईकवर आला. दोन-तीन जणांची भाषणं झाल्यावर म्हणाला, "आता बाजीराव तात्यांचे जिवाभावाचे मित्र, नेमीशेठ, दोन मिनिटं बोलतील."

शेठ उभे राहिले. मोबाइल खिशात न ठेवता डाव्या हातात धरला होता. त्यांनी सुरुवात केली ती जीपपासून. बाजीराव जीप न्यायला आले तेव्हा द्रौपदावहिनी मागच्या सीटवर बसून सारख्या विचारत होत्या, ही उलटी तर व्हणार न्हाई ना. लोक हसले. द्रौपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आमच्या हिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं," शेठ म्हणाले. "बाजीरावानं कितीतरी दिवस बॉनेट धुतलं न्हाई. सगळी जीप धुवायचा, बॉनेट तेवढं सोडायचा. मी म्हणलं, अरे, चिखल झालाय. तर म्हणाला, वहिनीचा हात पुसला जाईल."

तेवढ्यात नवकार वाजला.

शेठनी फोनकडं बघितलं. मी पुढच्या रांगेच्या कडेला होते. नाव मला दिसलं नाही, पण त्यांचं तोंड दिसलं. त्यांनी फोन कानाला लावला, आणि माईक तोंडासमोरच असल्यानं सगळ्या घाटानं ऐकलं, "संयम?"

संयम कोण हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडून काही तरी बोलणं झालं असावं. आणि मग शेठ म्हणाले, आधी म्हणायचे अगदी तसंच, त्याच सुरात, "दोन मिनिटं हां बेटा. बोलतोय. एवढं संपवतो."

द्रौपदाबाईंचा आवाज बायकांमधून आला. "शेठ, जावा. पोराशी बोला. ह्यांचं झालंय समदं."

"दोन मिनिटं, वहिनी," शेठ म्हणाले आणि फोन खाली घेतला. त्यांना वाटलं असेल, पोराचा फोन आला, आता काय, सगळं नीट झालं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला उठून त्यांच्या हातातून माईक ओढून घ्यायचं धाडस झालं नाही. त्यानंतर ते जे बोलले ते मी त्यांचं ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण. बाजीरावांच्या प्रत्येक गाडीवर बोलले, प्रत्येक पावसाळ्यातल्या दरडींवर बोलले, ओट्यावरच्या गप्प बसण्यावर बोलले. माणसं ढसाढसा रडली. अर्धा तास झाला. मी एकटी रडत नव्हते. मी त्यांच्या हातातल्या फोनकडं बघत होते.

भाषण संपवून ते बाजूला नदीकडं गेले आणि संयमला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "गाडी चालवत असंल. निघाला असंल इकडं."

परतीच्या रस्त्यावर त्यांनी गाडी जोरात हाणली. तोंडानं बोलणं चालूच. संयमला मुगाचा हलवा आवडतो, हर्षाला दूध चालत नाही, वरची खोली झाडून घ्यावी लागेल, चेतनाला सांगतो. चेतना म्हणजे शोरूममध्ये गिऱ्हाइकांचं बघणारी बाई, काकूंच्या हाताखाली शिकलेली. मी हूं-हूं करत होते. मंचरच्या चौकात त्यांचा फ्लेक्स तसाच होता. त्यांनी वर बघितलंही नाही.

चेतना शोरूमच्या पायरीवरच उभी होती. आम्ही उतरायच्या आधी तिनं तोंडाला हात लावला, तेव्हाच मला समजलं.

"शेठ, संयमदादा आलते," ती म्हणाली. "दादा अन् हर्षावहिनी. दोघं पांढऱ्या कपड्यांत. सकाळपासून तुमचा फोन लावत व्हते तर सारखा बिझी. त्यांना वाटलं, पावणं-रावळं बोलत असतील तुमच्या फोनवरनं. घरी गेले तर कुलूप. मग इथं आले."

"अन्?"

"मी सांगितलं, शेठ बरे हायेत, छपाईची चूक हाय, बाजीरावतात्यांच्या दहाव्याला गेलेत. दादा आधी चिडले. मग खाली बसले, हे इथं, फरशीवर. लई रडले. वहिनींनी पाणी दिलं. मग म्हणाले, आता आलोच हाय तर थांबतो. पप्पा येईस्तोवर थांबतो. आईच्या फोटोला हारबी घातला त्यांनी. मग तुमाला फोन लावला. स्पीकरवर, वहिनींना ऐकू यावा म्हणून."

शेठ आत गेले, आम्ही मागोमाग. काचेच्या मागं काकूंच्या फोटोला ताजा हार होता, मयताला आणलेला असावा तसा मोठा, फोटोच्या खाली लोंबणारा.

"मग गेला का लगेच?" मी विचारलं, कारण शेठ विचारत नव्हते.

"न्हाई. बसले व्हते. वहिनी म्हणाल्या, दोन मिनिटं म्हणालेत, येईल फोन. अर्धा तास बसले. फोन समोर ठेवला व्हता टेबलावर. मग उठले."

"काय म्हणाला?" शेठनी विचारलं.

चेतना माझ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "म्हणाले, पप्पा बरे हायेत. आपलं काय काम न्हाई."

मला वाटलं, शेठ आता खाली बसतील. मी खुर्चीही ओढली. ते बसले नाहीत. टेबलाजवळ गेले. तिथं चहाचे दोन कप होते, एक रिकामा, एक तसाच, साय धरलेला. चेतना उचलायला गेली तर म्हणाले, "असू दे." मग काकूंच्या फोटोकडं बघत मला म्हणाले, "रत्ना, हिनं दोन वर्षांमागं फोन केला तवा ती काय म्हणाली व्हती, सांगू? मी कुणाला सांगितलं न्हाई. ती म्हणाली, ऐका ना. एवढंच. मी पुढचं ऐकलं न्हाई."

"आज संयम काय म्हणाला?" मी विचारलं.

"ऐका ना, म्हणाला."

मला त्यांची कीव यायला पाहिजे होती. आली नाही, संतापच आला. मी म्हणाले, "शेठ, तुमी सगळ्या तालुक्याला गाड्या विकल्या. पुणं कुठं हाय तुमाला ठाऊक न्हाई व्हय? दोन वर्षं बोलावण्याची वाट कसली बघता? त्यो आला का न्हाई आज? कुणी बोलावलं व्हतं त्याला?" चेतनानं माझा दंड दाबला, पण मी थांबले नाही. "मयताला जसे जाता तसे जावा. तोंडानं कायबी बोलू नका. नुसते जाऊन बसा."

शेठ माझं ऐकत उभे राहिले. एवढा वेळ मध्ये न बोलता ऐकताना मी त्यांना प्रथमच बघितलं. मग त्यांनी चावी घेतली आणि बाहेर गेले.

मी त्यांच्या मागं पायरीवर आले. हायवेला कांद्याच्या टेंपोंची रांग लागली होती. शेठनी गाडी पुण्याच्या अंगाला वळवून रस्त्याच्या कडेला आणली, इंडिकेटर लावला आणि मोकळ्या जागेची वाट बघत थांबले. तेवढ्यात गाडीतून नवकार ऐकू आला. शेठनी फोन कानाला लावला. मला वाटलं, संयमच. मी धावत खिडकीशी गेले. पलीकडून कोणा अनोळखी माणसाचा मोठा, रडवेला आवाज येत होता. मढच्या बाजूचं कोणीतरी, उद्या सकाळी वडलांचं दहावं, शेठ तुमी आलंच पायजे, वडलांनी तुमच्याकडनंच गाडी घेतलेली. शेठ हूं म्हणाले. "लाल व्हती ना, त्यांची?" म्हणाले. आणि मी खिडकीत उभी दिसल्यावर माझ्याकडं बघून त्यांनी दोन बोटं वर केली.

ती बोटं तशीच काचेसमोर होती आणि त्यांचं स्वतःचंच तिकडं लक्ष गेलं. बराच वेळ ते आपल्याच हाताकडं बघत राहिले. मागच्या टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. मग त्यांनी फोन कानावरून काढला, खिडकीतून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तो चौकातला उतरव आता." गाडी रांगेत घुसली आणि पुण्याच्या बाजूनं निघून गेली.

फोनमधून तो माणूस अजून बोलत होता. "शेठ? हॅलो, शेठ? उद्या येताय ना? दोनच मिनिटं बोला, पण या."

"शेठना वेळ न्हाई," मी म्हणाले. "उद्याबी न्हाई."

बिबवेवाडीला दार उघडलं का, कोणी उघडलं, हे मला माहीत नाही. फोन माझ्याकडंच होता. संध्याकाळपर्यंत तो वाजत राहिला, आणि दर वेळी मी नाव बघत होते.